शून्य-पस्तीसची शेजपाळी

काही आकडे पाठ करायचे असे कोणी ठरवलेले नसते, तरी ते पाठ होऊन बसतात. शिधापत्रिकेचा नंबर, गॅसच्या पुस्तकाचा नंबर, पहिल्या पगाराचा आकडा. मी तर तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे माझ्या डोक्यात आकड्यांची नुसती चाळ भरलेली आहे. या चाळीत एक बिऱ्हाड असे आहे की त्याचे नाव काढले तर आजची मुले तोंडाकडे पाहत राहतात. तो आकडा म्हणजे शून्य-पस्तीस.

ज्यांच्या घरी त्या काळात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे, त्यांना कदाचित आठवेल. २००५ सालच्या संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीला, भारत संचार निगमने ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि पुढल्या दोनएक वर्षांत ते वारे आमच्या नगरच्या सावेडी भागातही येऊन पोचले. (आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण त्या वेळी, आणि खरे सांगायचे तर आजही, एस. टी. स्टँडवर ‘नगर, नगर’ हीच आरोळी ऐकू येते.) भिंतीवरच्या जुन्याच तारेला मोडेम नावाची एक डबी जोडायची, तिचे हिरवे दिवे लुकलुकू लागले की सातासमुद्रापलीकडचे जग माजघरात! आमच्या घरी ही डबी आली ती मुख्यत्वे वन्संसाठी. त्या न्यू जर्सीला, आणि त्यांचे वडील, म्हणजे आमचे मामंजी, इथे. वय ऐंशी, कान अधू. साऱ्या गल्लीप्रमाणे मीही त्यांना आप्पाच म्हणत असे.

डबीच्या पाठीमागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घातली तर काय होते, हे पाहण्याची शास्त्रीय जिज्ञासा एके दिवशी आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांना झाली. झाले ते असे की डबीची स्मृती समूळ गेली. दुसऱ्या दिवशी एक तरुण कारागीर आला, त्याने संगणकावर एक तक्ता उघडला आणि त्यातल्या दोन रकान्यांत दोन आकडे भरले. ‘व्हीपीआय’ पुढे ०, ‘व्हीसीआय’ पुढे ३५. हिरवे दिवे पुन्हा लुकलुकले.

“पस्तीसच का हो?” मी विचारले.

“तोच टाकायचा असतो, बाई,” तो म्हणाला.

गणिताच्या शिक्षिकेचे असल्या उत्तराने समाधान व्हायचे नाही. त्यातून शेजारच्या वहिनींकडे चौकशी केली, तर त्यांच्या डबीतही शून्य-पस्तीस! समोरच्या डॉक्टरांकडे? शून्य-पस्तीस. मग माझी झोपच उडाली. साऱ्या गल्लीचा घर नंबर एकच असेल तर पोस्टमनने करायचे काय? वहिनींच्या माहेरचे पत्र माझ्या पदरात कसे पडत नाही?

याचे उत्तर मला त्या दिवाळीत मिळाले. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात दूरसंचाराच्या धंद्यात आहे. तो फराळाला आला तेव्हा चकलीच्या ताटासमोर बसवून मी त्याच्याकडून हा सारा धडा समजावून घेतला. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसत असे. त्या दिवशी मागच्या बाकावर मी होते.

निरोप पाठवण्याच्या दोन रीती आपण लहानपणापासून जाणतो. एक ट्रंककॉलची. आमच्या तरुणपणी नगरहून मुंबईला बोलायचे म्हणजे आधी नंबर नोंदवायचा, मग तासन् तास वाट पाहायची. अखेर घंटी वाजे, आणि नगरपासून मुंबईपर्यंत एक अखंड वाट आपल्यासाठी बांधली जाई. ती वाट तीन मिनिटे सर्वस्वी आपली. आपण बोला, रडा किंवा गप्प बसा, पैसे तेवढेच. आणि आपण गप्प बसलो म्हणून ती वाट दुसऱ्याच्या उपयोगी पडायची नाही. दुसरी रीत पोस्टकार्डाची. कार्डावर पूर्ण पत्ता लिहायचा, पेटीत टाकायचे आणि देवावर हवाला ठेवायचा. दहा कार्डे टाकली तर दहाही वेगवेगळ्या वाटांनी जातील, मागचे पुढे पोचेल, एखादे गहाळही होईल. पेटी मात्र कोणाला नाही म्हणत नाही.

संगणकांची बोलणी वाहून न्यायची वेळ आली तेव्हा तज्ज्ञांनी मजकुराची लहान लहान पुडकी करायचे ठरवले. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. पुढे मात्र दोन पक्ष पडले. फ्रान्समधले लुई पूझँ यांचा पक्ष म्हणे, प्रत्येक पुडक्यावर पूर्ण पत्ता घालून त्याला पोस्टकार्डासारखे सोडून द्यावे. टेलिफोनवाल्यांच्या पक्षाला हे पसंत नव्हते. आधी वाट ठरवा, मगच माल सोडा, असा त्यांचा आग्रह. त्यांनी ट्रंककॉल आणि पोस्टकार्ड यांच्यामधली एक तिसरी रीत काढली आणि १९७६ साली ‘एक्स.२५’ या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय नियमही ठरले. फ्रान्सचे ‘ट्रान्सपॅक’ हे सार्वजनिक जाळे १९७८ पासून याच नियमांवर चालले, आणि आपल्याकडे नव्वदीच्या दशकात दूरसंचार खात्याचे ‘आय-नेट’ही.

ही तिसरी रीत अशी. बोलणे सुरू होण्यापूर्वी एक निरोप्या पुढे जातो आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर विचारतो, “अमुक इतका माल येणार आहे, जागा आहे का?” नाका ‘आहे’ म्हणाला की आपल्या वहीत एक ओळ लिहून ठेवतो: या दाराने सात नंबरचे पुडके आले की त्या दाराने बारा नंबर लावून सोडायचे. पुढचा नाका लिहितो: बारा आले की चार करून पुढे. अशी साखळी पुरी झाली की वाट ठरली. मग पुडक्यावर लांबलचक पत्ता नको, नुसता एक लहानसा आकडा पुरतो. सगळी पुडकी एकाच वाटेने, एकामागून एक, क्रमाने जातात. आणि आपण गप्प बसलो तर? तर त्या तारेवरून तेवढ्यात दुसऱ्याची पुडकी निघून जातात. वाट आपली आहे, पण आपल्या एकट्याची नाही. तार वेगळी नाही, तरी आपल्यापुरती वेगळी. म्हणून तिला म्हणायचे आभासी वाहिनी.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल की साऱ्या गल्लीला शून्य-पस्तीस कसे चालते. तो आकडा घराचा पत्ताच नव्हे. माझ्या घरापासून पहिल्या नाक्यापर्यंतच्या माझ्या तारेवरचे ते एक पाळण्यातले नाव. वहिनींची तार वेगळी, तिच्यावर तेच नाव सुखाने नांदते.

मला तर ही गोष्ट फार ओळखीची वाटली. मी जन्मले तेव्हा माझे एक नाव होते, लग्नात ते बदलले. शाळेत मी ‘बाई’, गल्लीत ‘काकू’, माहेरी अजून ‘ताई’, मामंजींची ‘सूनबाई’. प्रत्येक नाक्यावर चिठ्ठी बदलते. आतला माल तोच. आणि ‘बाई’ हे नाव नगरमध्ये आणखी हजारजणींचे असले तरी माझ्या वर्गातल्या पोरांचा त्यात कधी घोटाळा झाला नाही.

आमच्या डबीत जी पद्धत होती ती या घराण्यातली पुढली पिढी. तिचे नाव ए. टी. एम., म्हणजे असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड. पैसे काढण्याच्या यंत्राशी तिचे नाते नाही. तिचे प्रत्येक पुडके ५३ बाइटांचे, एकही कमी-जास्त नाही. त्यात ५ बाइट चिठ्ठीचे आणि ४८ मालाचे. एक बाइट म्हणजे ढोबळ मानाने एक रोमन अक्षर. हा ४८ कुठून आला म्हणाल, तर घासाघिशीतून. अमेरिकेची माणसे ६४ मागत होती, युरोपची ३२. पुडके मोठे असेल तर ते आवाजाने भरेपर्यंत वेळ लागतो आणि बोलणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येण्याची भीती, हे युरोपचे म्हणणे. ३२ बाइट टेलिफोनच्या आवाजाने भरायला ४ मिलिसेकंद लागतात, ४८ ला ६. शेवटी दोन्ही आकड्यांची बेरीज करून दोनाने भागले! मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा जगाचा एक मोठा प्रश्न सुटला, हे ऐकून माझी गणितावरची श्रद्धा वाढली.

चिठ्ठीवरचे आकडे दोन. पहिला आभासी मार्गाचा, दुसरा वाहिनीचा. घराच्या तारेवर २५६ मार्ग मावतात आणि प्रत्येक मार्गात ६५,५३६ वाहिन्या. त्यातल्या ० ते ३१ या वाहिन्या जाळ्याच्या आपल्या कामासाठी राखीव, बत्तिसापासून पुढे तुमच्या-आमच्यासाठी. म्हणून ते पस्तीस. एवढे सांगून माझा विद्यार्थी थांबला. पण मार्ग कशाला आणि वाहिनी कशाला, एका आकड्याने भागले नसते का, ही माझी शंका राहिलीच.

ती फेडली आप्पांनी. ते कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत कानामागे हात धरून हे सारे ऐकत होते. आप्पा जलसिंचन खात्यात कालवा इन्स्पेक्टर होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि आप्पांचाही जन्म त्याच सालचा. त्यामुळे धरणाचा उल्लेख ते बरोबरीच्या मित्रासारखा करत. त्या धरणाचे पाणी प्रवरेतून संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पार श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. आप्पांचे सारे आयुष्य त्या पाटांच्या कडेने सायकलवर गेले.

“अगं, हे तर आमचंच काम,” आप्पा म्हणाले. “वरच्या दारावरच्या माणसाला खालचे दोनशे खातेदार पाठ कशाला पाहिजेत? त्यानं फक्त वितरिकेचा नंबर बघायचा आणि दार उचलायचं. ते दोनशेजण ज्याच्या त्याच्या चारीवरचा पाटकरी बघून घेईल. त्याच्याकडे शेजपाळी असते.”

माझा विद्यार्थी चकली हातात धरून पाहतच राहिला. मोठ्या नाक्यांवर हेच तर होते! तिथे हजारो वाहिन्यांची मोळी एका मार्गात बांधलेली असते. नाका मोळीचा नंबर पाहतो आणि ती अखंड पुढे सोडतो. आतल्या काड्या मोजत बसत नाही. मोळी सुटते ती पलीकडच्या टोकाला. वाट मोडली तर हजार वाहिन्या एकेक करून न हलवता मोळीच दुसऱ्या वाटेने वळवता येते.

ज्यांना शेजपाळी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाण्याचे आवर्तन सुटण्यापूर्वी शेतकरी सात नंबरच्या नमुन्यावर मागणीचा अर्ज भरतो. अर्ज मंजूर झाले की कोणाच्या शेताला कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, याचा तक्ता लागतो. तीच शेजपाळी. रात्री दोनची पाळी असेल तर रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर उभे राहायचे.

“फरक एवढाच,” आप्पा म्हणाले, “पाण्याला नाव नसतं. याचं त्याच्या वावरात गेलं तर पाणी ओरडत नाही. तुमच्या पुडक्यांना चिठ्ठी असते, ते बरंय.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण काय रे, जागा नसली तर तुमचा नाका नाही म्हणतो का?”

“म्हणतो ना, आप्पा. दिलेला शब्द पाळता येणार नसेल तर नवी जोडणी घेतच नाही.”

“शहाणा आहे,” आप्पा म्हणाले आणि गप्प झाले.

ते का गप्प झाले हे घरात सर्वांना ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळात आप्पांच्या सख्ख्या मावसभावाने उसाच्या पाण्यासाठी अर्ज केला होता. मंजुरी वरच्या साहेबांची, पण शिफारस आप्पांची. धरणात किती आहे आणि खाली किती शब्द दिलेले आहेत, हे त्यांना पाठ होते. त्यांनी ‘देऊ नये’ असे लिहिले. मावसभावाने ऊस लावला नाही, ज्वारीवर निभावले. पण आमच्या लग्नाला तो आला नाही, वन्संच्या लग्नाला आला नाही, आणि वारला तेव्हा आप्पा बांधावरूनच परत आले. “हो म्हटलं असतं तर ऊस अर्ध्यात वाळला असता,” एवढेच ते म्हणत. आरंभीच ‘नाही’ म्हणणे आणि ऐन वेळी तोंडघशी पाडणे, यांत पहिले बरे, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाची किंमत त्यांनी एकट्याने भरली.

जगाने मात्र पोस्टकार्डाचा पक्ष उचलला. टेलिफोनवाल्यांना नव्वदीच्या दशकात वाटत होते की साऱ्या जगाची बोलणी आपल्या ५३ बाइटांच्या पुडक्यांतून जातील. तसे झाले नाही. इंटरनेट हे पोस्टाच्या रीतीने चालते: कोणालाही टाकू द्या, जमेल तसे पोचवू. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तिथे अर्ज नाही, शिफारस नाही, वरचा साहेब नाही. माझ्यासारख्या मास्तरणीलाही सारे जग उघडे. आणि वाट आधी ठरवण्याची विद्याही अगदी बुडाली नाही. ‘एमपीएलएस’ या नावाने तिने २००१ च्या सुमारास नवा जन्म घेतला, आणि आज मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत पुडक्यांवर तशाच लहान चिठ्ठ्या लागतात, तशाच नाक्यानाक्यावर बदलतात.

पण पोस्टाच्या रीतीत एक उणीव आहे. पत्र दोन दिवस उशिरा आले तरी वाचता येते. आवाज अर्ध्या क्षणाने मागे पडला तर त्याचा अर्थच जातो. रविवारी रात्री साडेआठला, तिकडच्या सकाळी, वन्सं स्काइपवर यायच्या. नेमके त्याच वेळी चिरंजीव कसलासा खेळ उतरवून घेत असत, ‘हे’ बातम्यांचे चित्रण पाहत असत, आणि वन्संचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येई. दोष कोणाचाच नव्हता. एक बारीक तार आणि पाच माणसांची तहान. एकाच तारेवर आवाजासाठी एक वाहिनी आणि इतर कामांसाठी दुसरी, अशी वाटणी त्या पद्धतीत करता येते. पण साध्या घरगुती जोडणीत सगळे एकाच पस्तीस नंबरच्या चारीतून.

आम्ही तुकडे जुळवून घेत असू. आप्पांना ते जमत नसे. ते नुसते “हो, हो” म्हणत, हसत, आणि पडदा काळा झाला की हळूच मला विचारत, “काय म्हणाली गं ती?” मी सांगायची. पण लेकीचे बोलणे सुनेकडून ऐकणे, हे काही ऐकणे नव्हे. एकदा वन्संनी आपले ऑपरेशन ठरल्याचे सांगितले, आणि आप्पा नेहमीसारखे हसून “हो, हो, छान” म्हणाले. नंतर मी खरे काय ते सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवेना.

विद्यार्थ्याशी बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी माझ्याकडे फूटपट्टी आणि तांबडी शाई मागितली. दुपारी डबीच्या वर भिंतीला एक कागद लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘शेजपाळी’. खाली रकाने: नाव, वार, पासून, पर्यंत. ह्यांच्या बातम्या रोज सात ते आठ. माझे काम दुपारी. चिरंजीवांना रात्री दोन ते सकाळी आठ, कारण आमच्या योजनेत त्या वेळची वापरणी हिशेबात धरत नसत. “रातपाळीचं पाणी,” आप्पा म्हणाले, “तरुणांनी घ्यावं.” आणि सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, वन्संचे नाव: रविवार, साडेआठ ते साडेनऊ, ‘बाकी सर्व दारे बंद’.

“आप्पा, आत्याचं नाव पहिलं का?” चिरंजीवांनी विचारले. “ती तर सगळ्यांत लांब!”

“म्हणूनच,” आप्पा म्हणाले. “पाणी टेलपासून वर देत यायचं असतं. तोंडाशी असणारा काय, केव्हाही भिजवून घेतो.”

त्या रविवारी आठ पंचवीसला चिरंजीवांनी, कोणी न सांगता, आपल्या संगणकाची तार काढून टेबलावर गुंडाळून ठेवली. यंत्राने कसलाच शब्द दिलेला नव्हता. तो घरातल्या चार माणसांनी दिला. वन्संचा आवाज लख्ख आला. ऑपरेशन नीट झाले होते. आप्पा पाऊण तास बोलले आणि एकदाही माझ्याकडे वळून पाहिले नाही. मध्येच वन्सं म्हणाल्या, “आप्पा, आज इतकं स्वच्छ कसं ऐकू येतंय तुम्हाला?”

“आज तुझी पाळी आहे, बाळ,” आप्पा म्हणाले.

आप्पा २०११ साली गेले. पुढे तांब्याची तारही गेली आणि काचतंतू आला; आता एकाच वेळी घरातले सगळे हवे ते पाहतात आणि कोणाचा आवाज तुटत नाही. शून्य-पस्तीस भरायचे रकानेही आमच्या नव्या डबीत मला कुठे दिसले नाहीत. भिंत रंगवताना तो कागद मी जपून काढला आणि आप्पांच्या सायकलच्या किल्लीबरोबर कपाटात ठेवला. वन्सं अजूनही रविवारी साडेआठलाच येतात, आणि आता नोकरी करणारे आमचे चिरंजीव त्या वेळी कुठेही असले तरी हातातले काम बाजूला ठेवतात.